शिट्टीनंतर कापलेले सेकंद

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा आणि चेंडूचा संबंध फार थोडा येतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोह्यात कोणाला मी "फुटबॉलच्या कामात आहे" असं म्हटलं, की समोरचा वर्ल्ड कपच्या वेळी त्याला तिकीट कसं मिळालं, ते सांगू लागतो. नाशिकला गेलो की मामेभाऊ विचारतो, "म्हणजे तू नक्की करतोस काय?" माझ्याआधी माझी बायको मंगल उत्तर देते, "टीव्ही बघतात. आठ तास. त्याचा पगार मिळतो."

यात चुकीचं काही नाही, फक्त अपुरं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघांत खेळणारी मुलं पुढे व्यावसायिक संघात टिकतील का, हे त्यांच्या सामन्यांची फिल्म बघून ठरवायला मदत करणं, हे माझं काम. त्यातही एकाच जागेवर खेळणाऱ्या मुलांचं. त्या जागेला रनिंग बॅक म्हणतात. गेली सहा वर्षं मी हे करतो आहे. अमेरिकेत मी कधी गेलेलो नाही आणि हा खेळ मैदानात बसून एकदाही पाहिलेला नाही.

त्याआधी चौदा वर्षं मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात होतो. तिथेही फिल्मच वाचायचो, पण पाइपच्या जोडांची. दोन पाइप वेल्डिंगने जोडले की त्या जोडाचा एक्स-रे काढतात. ती फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवून आत केसाएवढी चीर आहे का, हवेचा बुडबुडा राहिलाय का, ते बघायचं आणि जोड पास की नापास ते लिहून सही करायची. प्रकल्प संपला, आमची तुकडी बरखास्त झाली. त्या सुमारास एक अमेरिकन गृहस्थ दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या एका व्हिलात छोटी कंपनी काढत होते. ते पूर्वी तिकडे कोच होते, म्हणून आम्हीही त्यांना कोचच म्हणतो. त्यांच्या शेजारी आमचे जुने सुरक्षा अधिकारी राहायचे. त्यांनी कोचना सांगितलं, की तुम्हाला दिवसभर फिल्म बघून न कंटाळणारी माणसं हवीत ना, मग माझ्याकडे दोन आहेत.

त्यातला एक मी आणि दुसरे इब्राहिमभाई. मूळचे रत्नागिरीजवळचे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, रास लफानपासूनचे माझे जोडीदार. मुलाखतीत कोचनी आम्हाला एक चाल दाखवली आणि काय दिसलं ते विचारलं. मी म्हणालो, "बावीस माणसं पळाली आणि एकावर एक पडली." इब्राहिमभाई म्हणाले, "तो मागचा पोरगा डाव्या पायावर जोर देत नाय." कोचनी क्लिप मागे नेऊन तीनदा पाहिली आणि आम्हा दोघांनाही ठेवून घेतलं. माझी निवड बहुधा प्रामाणिकपणाबद्दल झाली असावी.

खेळ थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन संघ समोरासमोर उभे राहतात. चाल सुरू होते, चार-पाच सेकंद चालते, शिट्टी वाजते. मग अर्धं मिनिट सगळे उठतात, चालतात, दम घेतात आणि पुन्हा उभे राहतात. रनिंग बॅक हा चेंडू फेकणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला उभा असतो. कधी चेंडू त्याच्या हातात देतात आणि समोरच्या भिंतीत फट शोधून तो पळतो. कधी चेंडू लांब फेकायचा असतो. तेव्हा फेकणाऱ्यावर धावून येणाऱ्याला अंगावर घेऊन थोपवणं हे त्याचं काम. याला आम्ही ऑफिसात आपसात राखण म्हणतो. हा शब्द इब्राहिमभाईंचा.

पळणं लोकांना दिसतं. राखण कोणाला दिसत नाही. व्यावसायिक संघ मात्र आधी राखण बघतात. जो फेकणाऱ्याला वाचवू शकत नाही, त्याला ते मैदानात उतरवत नाहीत, तो कितीही पळो.

आमचा तक्ता एका पानाचा. धाव कुठल्या बाजूने, पहिला हात लागेपर्यंत किती यार्ड, हात लागल्यावर किती यार्ड, पडताना पुढे पडला की मागे, शेवटच्या भागात वेग किती उतरला, चेंडू किती वेळा सुटला, राखणीच्या किती चालींत चुकला. शंभरपैकी गुण. तक्त्यावर मुलाचं नाव नसतं, फक्त जर्सीचा नंबर. नाव, गाव, चेहरा यांनी वाचणाऱ्याचं मत हलू नये म्हणून हा नियम मीच घालायला लावला. रास लफानचा आणखी एक नियम आम्ही इथे आणला. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून फिल्म वाचायची, एकमेकांशी बोलायचं नाही आणि मग तक्ते शेजारी ठेवायचे. फरक पडला तर एकत्र बघायचं. तरी पटलं नाही तर वरिष्ठाचं वाचन धरायचं, पण दुसऱ्याचा शेरा अहवालाला जोडायचा. वरिष्ठ मी, कारण फिल्म वाचण्याची परीक्षा मी आधी पास झालो होतो. इब्राहिमभाई यावरून मला दर आठवड्याला एकदा तरी "देवरेसाहेब" म्हणतात. एरवी नुसतं देवरे.

अमेरिकेतले सामने शनिवारी होतात आणि त्यांची फिल्म आमच्याकडे रविवारी सकाळी पोचते. आमचाही आठवडा रविवारीच सुरू होतो, त्यामुळे हे काम दोह्यासाठीच निघालं असावं, असं कोच म्हणतात. ही फिल्म टीव्हीवर दिसते तशी नसते. संघांचे लोक उंचावरून आणि मैदानाच्या टोकाकडून ती घेतात आणि चालीचालीचे तुकडे करतात. सगळे जागेवर उभे राहिले की तुकडा सुरू, शिट्टी वाजली की बंद. मधलं अर्धं मिनिट कापलेलं असतं. साडेतीन तासांचा सामना त्यामुळे तासाभरात बघून होतो. ही सोय मला पहिल्या दिवसापासून फार आवडली होती. तिच्याबद्दलच मला लिहायचं आहे.

या सहा वर्षांत आम्ही बऱ्याच मुलांची फिल्म वाचली. एक मुलगा प्रत्येक धावेनंतर चेंडू पंचाच्या हातात नेऊन द्यायचा, तो पुढे गेला. एक इतका वेगवान होता, की इब्राहिमभाई अरबीत "यल्ला", म्हणजे "चल", म्हणेपर्यंत तो पडद्याबाहेर असायचा, पण तो चेंडू उजव्या हातात कधी धरायचाच नाही. आम्ही तसं लिहिलं आणि त्यावरूनच त्याची पुढची निवड अडली. अशा वेळी मला अभिमान वाटायचा. दोह्यात बसून, डोळ्यांनी मोजून, आपण तिकडच्या जाणत्या लोकांना न दिसलेलं दाखवतो, असं मी घरी बोललोही आहे.

मग अठ्ठावीस नंबर आला. तिकडच्या दक्षिणेतल्या एका मध्यम कॉलेजचा, शेवटच्या वर्षाचा. खेळाडूंची कामं बघणाऱ्या एका एजंटला दोन रनिंग बॅकमधून एक निवडायचा होता. त्या दोघांत हा एक. पंचाहत्तर गुणांच्या वर असेल तर घेतो, असं त्याने कोचना कळवलं होतं. एजंट मिळाला तर मुलगा निवडीपर्यंत नीट पोचतो, चांगल्या ठिकाणी सराव करतो, त्याचं नाव संघांच्या कानावर जातं. नाही मिळाला तर बहुतेक तिथेच थांबतो. आमच्या तक्त्यावर काय अवलंबून असतं, ते मला माहीत होतं.

नऊ सामने आम्ही वाचले. तो फार वेगवान नव्हता. पण हात लागल्यावर त्याचे पाय थांबायचे नाहीत आणि तो नेहमी पुढे पडायचा. नऊ सामन्यांत राखणीच्या अठ्ठावन्न चाली, त्यात चुका दोन. आमच्या आजवरच्या तक्त्यांत इतकी चांगली राखण दुसऱ्या कोणाची नव्हती. इब्राहिमभाई त्याची फिल्म नेहमी शेवटी ठेवायचे, जेवणानंतर गोड खावं तशी.

दहाव्या सामन्यात राखणीच्या सात चाली होत्या आणि तो तीनदा चुकला. चुकला म्हणजे अगदीच चुकला. धावून येणारा डावीकडून आला आणि हा उजवीकडे रिकाम्या जागेत उभा. दुसऱ्या वेळी तर जागचा हललाच नाही. आमच्या पद्धतीत सगळ्यात ताज्या सामन्याचे गुण दुप्पट धरतात, कारण मुलगा आज कसा आहे, ते महत्त्वाचं. बेरीज त्र्याहत्तर आली.

इब्राहिमभाई आपला तक्ता घेऊन माझ्या खोलीत आले. आकडे सगळे माझ्याशी जुळत होते. फक्त त्या तीन चालींसमोर त्यांनी चुकीची खूण केली नव्हती. रकाना रिकामा ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, "हा तो पोरगा नाही."

"हे काय?" मी विचारलं.

"देवरे, मना सांग, हा पोरगा उभा राहिला की पहिल्यांदा काय करतो?"

"काय करतो?"

"हनुवटीचा पट्टा ओढतो. मग डावीकडं बघतो, मग उजवीकडं. दर वेळी. नऊ सामने झाले, एकदा चुकला नाय. आता या तीन चाली बघ. पट्टा नाय, डावा नाय, उजवा नाय. सरळ समोर बघतोय."

आम्ही एकत्र पाहिलं. ते म्हणत होते ते खरं होतं.

"म्हणजे लक्ष नाही," मी म्हणालो. "तेच मी लिहिलंय. मानसिक चूक, तीन."

"लक्ष नसणं वेगळा आणि माणूसच नसणं वेगळा. त्याच्या कपड्यांत दुसराच कोणतरी उभा हाय."

"इब्राहिमभाई, हे मी कुठल्या रकान्यात घालू?"

"रकाना नसला म्हणजे माणसाला काय होत नाय काय?"

ते खुर्ची ओढून बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "टीव्हीवर दाखवलेला सगळा सामना मागव. मधला कापलेला बघूया. दोन दिवस लागतील."

"मंगळवारी अहवाल जायचा आहे. दोन दिवस नाहीत."

"रास लफानला थांबला असतास."

"तिथे पाइपच्या आत गॅस होता, इब्राहिमभाई."

"आणि हितं आत कोण हाय?"

नियमाप्रमाणे वाचन माझं धरलं गेलं. आणि नियमाप्रमाणे त्यांचा शेरा अहवालाला जोडायला हवा होता, तो मी जोडला नाही. अहवाल एका पानाचा असावा असं कोचचं म्हणणं असायचं, आणि "हा तो पोरगा नाही" हे वाक्य मोजता न येणारं होतं. एजंट ते वाचून हसेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर आपल्यालाच हसतील, असं वाटलं. मंगळवारी दुपारी त्र्याहत्तर गुणांचा कागद गेला. इब्राहिमभाईंना मी शेरा गाळल्याचं सांगितलं. त्यांनी चहाचा कप धुऊन जागेवर ठेवला आणि म्हणाले, "खलास." त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाही देवरेसाहेब म्हटलं नाही.

एजंटने दुसऱ्या मुलाला घेतलं. जाताजाता त्याने अठ्ठावीस नंबरला कारणही सांगितलं, चांगुलपणाने. तुझं पळणं ठीक आहे, पण राखणीत तू गोंधळतोस, असं तुझी फिल्म वाचणाऱ्यांचं मत आहे. हे आम्हाला कोचकडून कळलं. कोचनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या मुलाने आपल्या कॉलेजच्या कोचकडे जाऊन शेवटच्या सामन्यात राखणीच्या जास्तीत जास्त चाली मागून घेतल्या होत्या.

त्या शेवटच्या सामन्याची फिल्म आमच्याकडे आली, कारण ती ठरलेल्या यादीत होती. खरं म्हणजे आता तिचा उपयोग नव्हता. तरी यादीत आहे म्हणून मी वाचायला बसलो. राखणीसाठी तो पुन्हा पुन्हा उभा राहत होता. पट्टा ओढायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. त्याच्यापेक्षा दीडपट अंगाची माणसं धावून येत होती आणि तो खाली वाकून त्यांना छातीवर घेत होता. मी बरोबरच्या खुणा करत गेलो. एकेचाळिसाव्या क्लिपमध्ये एक जण आतून आणि एक बाहेरून आला. त्याने आतल्याला खांद्याने ढकललं आणि बाहेरच्याला डोक्याने अडवलं. चेंडू सुटला, लांब गेला, झेलला गेला. शिट्टी. क्लिप संपली तेव्हा तो जमिनीवर होता. मी बरोबरची खूण केली.

बेचाळिसाव्या क्लिपमध्ये त्याच्या जागी दुसराच नंबर उभा होता. त्रेचाळीसमध्येही. शेवटपर्यंत तोच.

एकेचाळीसनंतर बेचाळीस. यादीत मध्ये काहीच नव्हतं. त्या दोन क्लिपांच्या मध्ये सामना वीस मिनिटं थांबला होता आणि मैदानात रुग्णवाहिका आली होती, हे मला दोन दिवसांनी कळलं. कारण या वेळी मी कोणाला न विचारता दोन्ही सामन्यांचं टीव्हीवरचं पूर्ण चित्रण मागवलं होतं.

ते आम्ही एकत्र बघितलं. मी, इब्राहिमभाई आणि मागे उभे राहिलेले कोच. आधी दहावा सामना. एकोणिसाव्या चालीत त्याच्या डोक्याला बाजूने धक्का बसला होता. आमच्या क्लिपमध्ये ती साधी धाव होती, चार यार्ड, पुढे पडला. शिट्टीनंतर तो उठला आणि चालू लागला. समोरच्या संघाच्या बाकांकडे. शांतपणे, घरी निघाल्यासारखा. त्याच्या संघातला चौसष्ट नंबरचा दांडगा मुलगा मागून पळत आला, त्याने याचं कोपर धरलं, वळवलं आणि जागेवर आणून उभं केलं. मी सवयीने मोजलं. अकरा सेकंद. पुढची चाल सुरू झाली आणि तो त्या चालीत होता.

आमच्या तीन चुका बावीस, सत्तावीस आणि एकतीस या चालींतल्या. तिन्ही एकोणीसनंतरच्या. हे आकडे माझ्याच तक्त्यात, माझ्याच अक्षरात, क्रमाने होते. त्यासाठी टीव्हीचीही गरज नव्हती. नऊ सामन्यांत दोन चुका करणारा मुलगा एका सामन्याच्या उत्तरार्धात तीन कशा करतो, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मी बेरीज केली.

कोच म्हणाले, "आमच्या काळी कोणी असं चुकीच्या बाकाकडे गेलं की सगळा संघ हसायचा. मी हसलोय." मग म्हणाले, "मी गेलोयही. म्हणजे बाकीचे सांगतात, मी गेलो होतो म्हणून."

दुसरा सामना आम्ही अर्ध्यावर बंद केला.

इथे जोडांच्या फिल्मबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझी चूक किती मोठी होती, ते कळेल. मोठ्या पाइपचा जोड एका फिल्ममध्ये मावत नाही, चार-पाच लागतात. म्हणून जोडाभोवती शिशाच्या आकड्यांचा पट्टा गुंडाळतात, ते आकडे फिल्मवर उमटतात. पहिल्या फिल्मच्या शेवटी जो आकडा आहे, तो दुसऱ्या फिल्मच्या सुरुवातीला पुन्हा दिसलाच पाहिजे. नाही दिसला तर मधली जागा कोणीच पाहिलेली नाही, असं धरायचं. जोड कितीही देखणा असो, फिल्म परत काढायला पाठवायची. मी चौदा वर्षांत अशा किती फिल्म परत पाठवल्या असतील, त्याची गणती नाही. बोटभर जागा सुटली म्हणून ऐन उन्हात माणसं पुन्हा परांचीवर चढवली आहेत. त्यात इब्राहिमभाईही असायचे, कारण फिल्म वाचायला लागण्याआधी ते फिल्म काढणाऱ्यांत होते. शिव्या देत चढायचे. माणसाच्या फिल्ममध्ये मात्र चालीचालीला अर्धं मिनिट सुटलेलं असताना मी इतकी वर्षं सह्या करत होतो, आणि वर वेळ वाचतो म्हणून खूश होतो.

त्या संध्याकाळी घरी अल मुंतझाला आलो. मंगलने चेहरा बघितला आणि ताट वाढून समोर बसली. तिला सगळं सांगितलं. आमची मुलगी राधिका अकरावीत आहे, तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते. ती अभ्यासाचं टेबल सोडून आली आणि म्हणाली, "बट बाबा, यू डिड द मॅथ राइट, नो?"

"हो," मी म्हणालो. "गणित बरोबर होतं."

मंगल म्हणाली, "तू जा गं अभ्यासाला." मग मला म्हणाली, "आता काय करता येण्यासारखं आहे?"

करता येण्यासारखं एकच होतं, तेही अपुरं. रास लफानला चुकीचं वाचन कधी खोडरबराने पुसायचं नसे. कागद बदलायचा नसे. चुकलेल्या ओळीवर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर वाचन, तारीख आणि दोघांच्या सह्या. मी जुना अहवाल काढला. "मानसिक चुका, तीन" यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, "एकोणिसाव्या चालीत डोक्याला मार. पुढील चाली वाचनास अयोग्य. प्रथम वाचकाने दुसऱ्या वाचकाचा शेरा गाळला, ही प्रथम वाचकाची चूक." खाली इब्राहिमभाईंचं वाक्य होतं तसं लिहिलं. गुण पुन्हा मोजले, एक्क्याऐंशी आले. सही केली आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "आता याचा काय उपयोग?"

"काही नाही."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

कोचनी तो एजंटला पाठवला. एजंटने आभार मानले आणि मुलाबद्दल वाईट वाटल्याचं लिहिलं. ते खरंच असेल. एक प्रत कोचनी त्या मुलाकडे पाठवली. पाठवू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हणालो.

पाच आठवड्यांनी त्याचं पत्र आलं. खाली त्याचं नाव होतं. तोवर ते मला माहीत नव्हतं आणि आता माहीत आहे, पण इथे छापणं योग्य नाही. पत्र लहान होतं. डॉक्टरांनी खेळणं कायमचं बंद केलं आहे. तो सध्या मामाच्या टायरच्या दुकानात बसतो, सकाळचे दोन तास, कारण उजेडाचा त्रास होतो. आमच्यावर राग असल्याचं त्याने लिहिलं नव्हतं. नसल्याचंही लिहिलं नव्हतं. पुढे होतं, "शेवटच्या सामन्यातलं मला काहीच आठवत नाही. सकाळी हॉटेलात नाश्ता केला, तिथपर्यंत आठवतं. घरचे ती फिल्म बघू देत नाहीत, आणि पडद्याकडे मला फार वेळ बघताही येत नाही. तुमच्या कागदावर लिहिलंय, की तुम्ही माझी प्रत्येक चाल बघता. मी कसा खेळलो?"

हा प्रश्न मला सहा वर्षांत कुठल्याही खेळाडूने विचारला नव्हता. आमचं उत्तर नेहमी दुसऱ्या कोणाला जायचं.

मंगल म्हणाली, "आकडे नका लिहू. सरळ चार शब्द लिहा."

"मला आकडेच येतात," मी म्हणालो.

"मग नीट लिहा."

अर्धवट बघून लिहायचं नव्हतं. म्हणून आम्ही बंद केलेलं चित्रण पुन्हा लावलं आणि ठरल्याप्रमाणे वेगवेगळ्या खोल्यांत बसलो. या वेळी क्लिप नाही, सगळा सामना. तो उठताना, चालताना, पाणी पिताना, कोणाच्या पाठीवर थाप मारताना. दोघांचे तक्ते झाल्यावर शेजारी ठेवले. कुठेच फरक नव्हता. मी पत्र लिहिलं. पहिली धाव डावीकडून, सहा यार्ड, पुढे पडलास. दुसरी मधून, दोन यार्ड, जागाच नव्हती. असं एकेक करून सगळ्या धावा लिहिल्या. कुठल्या चालीनंतर त्याने पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवलं, तेही लिहिलं. मध्यंतराला जाताना तो चौसष्ट नंबरबरोबर कशावरून तरी हसत होता, तेही. मग राखण. प्रत्येक चालीत कोण आला, कुठून आला, त्याने कसा थोपवला. शेवटची चालही लिहिली. दोघे आले होते, दोघांना तू अडवलंस, चेंडू सुटला आणि पोचला. तक्त्याखाली एकूण गुणांची चौकट असते, ती मोकळी सोडली. दोघांनी सह्या केल्या.

आता आम्ही प्रत्येक सामन्याचं पूर्ण चित्रण मागवतो आणि शिट्टीनंतरचाही वेळ बघतो. अहवाल दोन दिवस उशिरा जातात. त्यावरून दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. तक्त्यात शेवटी एक मोकळी जागा ठेवली आहे, तिला नाव नाही. इब्राहिमभाई ती भरतात. बहुतेक वेळा लिहितात, "तोच पोरगा."

त्या पत्राला त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एकच ओळ होती.

"राखणीत किती पैकी किती?"

ते पत्रात होतं, बेरीज करून खाली लिहिलेलं. पण त्याला पडद्याकडे फार वेळ बघता येत नव्हतं, शेवटपर्यंत वाचून झालं नसेल. किंवा वाचलं असेल आणि पुन्हा हवं असेल. मी लिहिलं, "बारापैकी बारा. दोन माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून मोजल्या आहेत."